श्रद्धेची तहकीकात

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जुन्या वस्तीत शहागंजचा जो विस्तीर्ण बाजारचौक आहे, तेथे उंच जोत्यावर सुमारे 1720 साली बांधलेली एक भव्य मशीद उभी आहे. जोत्याच्या तीन बाजूंना रस्त्याकडे तोंड करून दुकाने काढलेली आहेत. उरलेल्या उत्तरेच्या बाजूने पायऱ्या चढून गेले म्हणजे अंगण, हौद आणि पाच कमानींचे दर्शनी मुख लागते. सय्यद बंधूंपैकी हुसेन अली खान हा दख्खनचा सुभेदार असताना येथे एका मोठ्या तलावाचे काम त्याने हाती घेतले, पुढे इवजखानाने त्याचा विस्तार करून मशीद व इतर इमारती उठवल्या, आणि उन्हाळ्यात पाण्याचा तुटवडा पडला म्हणजे शहरवासीयांचे हाल या तलावामुळे हलके होत, अशी नोंद त्या काळाचा इतिहासकार खाफीखान याने करून ठेवली आहे. एकाच चौकात पाणी, बाजार आणि प्रार्थना यांची अशी सांगड घातली गेली, हे पाहिले म्हणजे धर्म असे आपण ज्याला म्हणतो त्याचे ठिकाण नेमके कोणते, हा प्रश्न टाळता येत नाही. तो केवळ वर, नमाजाच्या सफेत आहे काय. की खाली, जेथे माल तोलला जातो, उधारी लिहिली जाते, आणि गिऱ्हाइकाचे नाव ऐकून दुकानदाराचा स्वर किंचित बदलतो किंवा बदलत नाही, तेथेही तो आहे?

मौलवी किंवा शास्त्री यांना विचारले तर ते ग्रंथाकडे बोट दाखवतील, आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण ग्रंथाचा अर्थ सांगणे हेच त्यांचे कर्तव्य होय. परंतु ग्रंथात जे सांगितले आहे आणि माणसे जे करतात यांत जे अंतर असते, ते ग्रंथ वाचून कळत नाही. त्यासाठी माणसांकडेच जावे लागते, त्यांच्यात बसावे लागते, त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत टिपावे लागते. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, लोकसाहित्याचा अभ्यास ही जी शास्त्रे गेल्या दीडशे वर्षांत वाढीस लागली, त्यांचे सारे बळ या एका परिश्रमात आहे. आणि नेमक्या याच परिश्रमाविषयी श्रद्धावंतांच्या मनात एक जुना संशय आहे: पूजेची अशी तहकीकात झाली, देवळाच्या पायरीवर बसून कोणी वहीत नोंदी करू लागला, तर श्रद्धा उरेल काय?

हा संशय अगदीच निराधार आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. फ्रान्समध्ये एमिल दुर्खीम याने 1912 साली धर्मजीवनाच्या मूळ रूपांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात असे प्रतिपादन केले की, देवतेच्या रूपाने माणूस वस्तुतः आपल्या समाजालाच वंदन करीत असतो, त्या सामूहिक शक्तीपुढे नत होत असतो, जी त्याच्याहून मोठी आहे व जिच्यावाचून तो जगू शकत नाही. हे वाचून एखाद्या भाविकाला आपल्या हातातील फुले कोणीतरी काढून घेतली असे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही. तथापि हा संशय आपल्या मातीत रुजलेला नाही असे माझे मत आहे, आणि त्यासाठी मला मराठी गद्याच्या अगदी आरंभाकडे जावे लागते.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांचा सहवास सुटल्यावर, म्हाइंभट नावाचा एक विद्वान पंडित त्यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा करू लागला. त्याला महाकाव्य रचता आले असते. पांडित्य त्याच्या अंगी होते. पण त्याने वेगळाच मार्ग धरला. ज्या ज्या माणसांना श्रीचक्रधरांचा सहवास घडला होता, त्यांच्यापर्यंत तो गेला, त्यांना विचारले, त्यांनी जे सांगितले ते लिहून घेतले, आणि नागदेवाचार्यांसारख्या जाणत्या सहवाशाकडून ते पडताळून घेतले. त्यामुळे त्यातून सिद्ध झालेल्या लीळाचरित्रात केवळ उपदेश आला नाही. स्वामी कोठे उतरले, काय जेवले, कोणी त्यांना काय आणून दिले, शिष्यांपैकी बाइसांनी काय केले, महदाइसांनी कोणता प्रश्न विचारला, कोण रुसले, कोण हसले, हे सारे आले. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली तेव्हा अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, आणि एकाचे स्मरण दुसऱ्याशी जुळले नाही तेथे भिन्न पाठ जपून ठेवले; हिराइसेच्या पाठाचे नाव अभ्यासकांना आजही ठाऊक आहे. स्वामींनी पाऊल ठेवलेल्या स्थानांचे वर्णन करणारी स्थानपोथी त्याच परंपरेत निर्माण झाली. माहितगाराकडे स्वतः जाणे, सांगणाऱ्याचा आधार देणे, पडताळणी करणे, मतभेद लपवून न ठेवणे, स्थळाचा तपशील नोंदणे: आजच्या विद्यापीठांत क्षेत्रीय संशोधनाची म्हणून जी पथ्ये शिकवली जातात, त्यांपैकी बहुतेक येथे पाळलेली दिसतात. आणि ती पाळली कोणी? संशयवाद्याने नव्हे, भक्ताने पाळली. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याविषयी खोटे, सजवलेले किंवा ऐकीव असे काहीही लिहू नये, ही म्हाइंभटाची भक्ती होती. पैठण, वेरूळ आणि आसपासचा हा गोदावरीचा मुलूख त्या लीळांची भूमी आहे. तेव्हा येथल्या माणसाने तरी चौकशीला श्रद्धेची वैरीण समजू नये.

आता या चौकशीने काय हाती लागते ते पाहू. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर पायी चालून जो निबंध लिहिला, आणि ज्याचे इंग्रजी रूपांतर 1962 साली प्रसिद्ध झाले, तो मला या संपूर्ण विषयाचा कळस वाटतो. बाईंचे शिक्षण बर्लिनमध्ये झालेले, मानववंशशास्त्रात त्यांचा अधिकार मोठा; पण त्या निबंधात मोजमापांचा बडिवार नाही. वारकऱ्यांबरोबर चालता चालता, अभंग ऐकता ऐकता, ज्या प्रदेशातील माणसे पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशी एक व्याख्या त्यांना गवसली, आणि ती कोणत्याही राज्यपुनर्रचना आयोगाच्या अहवालापेक्षा मराठी मनाला अधिक पटली. पण त्याच बाईंनी त्याच वाटेवर हेही पाहिले की, एकत्र चालणारी, एकत्र गाणारी ब्राह्मण व मराठा मंडळी मुक्कामावर पोहोचली की वेगवेगळी रांधीत आणि वेगवेगळी जेवीत. दिवसभर समतेचे अभंग आणि संध्याकाळी निराळ्या चुली! शतकानुशतके लक्षावधी लोक त्या वाटेने गेले, त्यांनी ते पाहिले असणारच, पण त्यांना ते दिसले नाही, कारण नित्याचे झालेले दृश्य डोळ्यांना दिसत असूनही मनापर्यंत पोहोचत नाही. बाईंना ते दिसले, कारण पाहणे हे त्यांनी व्रत म्हणून पत्करले होते. आणि त्यांना त्याचे दुःख झाले, कारण त्या दिंडीला त्या परक्या नव्हत्या. संशोधकाला अलिप्तता हवी असे नेहमी सांगितले जाते. मला वाटते, अलिप्तता हवी ती नोंद करताना. वेदना होऊ नये इतकी अलिप्तता असेल तर त्या नोंदीतून महत्त्वाचेच तेवढे निसटेल.

दैनंदिन चालीरीतींकडे पाहण्याची दृष्टी किती दूरवर नेऊ शकते, याचे याहूनही तेजस्वी उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात, पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींविषयीचा जो प्रबंध वाचला, त्यात त्यांनी जातीचे मर्म तिच्या अंतर्विवाहात आहे असे दाखवले. आणि सतीची चाल, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या ज्या प्रथा वेगवेगळ्या कारणांनी समर्थिल्या जात, त्या सर्व एकाच हेतूची, जातीबाहेर विवाह होऊ न देण्याची, साधने आहेत हे उलगडून सांगितले. त्यातील एक विचार धर्मचिंतकाने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे: प्रथा आधी रूढ होते, तिचा गौरव करणारे तत्त्वज्ञान मागाहून येते. आपण समजतो की तत्त्व आधी आणि आचार त्यातून निघाला. संशोधन सांगते की पुष्कळदा आचाराला तत्त्वाचा शेला मागाहून पांघरला जातो. त्याच बाबासाहेबांनी 1950 साली या शहरात महाविद्यालय काढले, आणि पुढे त्याला नाव मिळाले ते मिलिंदाचे, भिक्षू नागसेनापुढे बसून धम्माविषयी एकामागून एक निर्भीड प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. त्या प्रश्नांनी नागसेनाचा धम्म क्षीण झाला नाही. मिलिंदपन्ह हा बौद्धांचा मान्य ग्रंथ आहे.

येथे श्रद्धावंताचा दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. प्रथांची चिकित्सा ठीक. पण दैवताचीच चिकित्सा झाली तर? दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1962 सालच्या आपल्या ग्रंथात वारीच्या वाटा, देवींची ठाणी, म्हसोबाचे दगड आणि प्रागैतिहासिक माणसांची दगडी हत्यारे यांचा संबंध जोडून दाखवला, आणि शेती स्थिर होण्यापूर्वीच्या भटकंतीची पावले आजच्या यात्रांत उमटलेली आहेत असे प्रतिपादन केले. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवतेत शोधले. तर मग ज्याच्या चरणी तुकोबांनी आपले आयुष्य वाहिले तो केवळ गुराख्यांचा एक देव होता काय? माझे उत्तर असे की, या ‘केवळ’ शब्दात सारा घोटाळा आहे. कोणत्याही वस्तूचे मूळ कळले म्हणजे तिचे मूल्य कळले असे होत नाही, आणि मूळ साधे निघाले म्हणून मूल्य कमी होत नाही. उलट धनगरांच्या माळावरील एक देव ज्ञानदेवांच्या अद्वैताला आणि चोखोबांच्या आर्ततेला पुरून उरला, ही गोष्ट भाविकाला लाज वाटण्याची नसून विस्मयाने नतमस्तक होण्याची आहे. ढेऱ्यांच्या ग्रंथाचे कोणतेही पान उघडले तरी संशोधकाच्या काटेकोरपणाइतकाच भक्ताचा ओलावा तेथे जाणवतो. म्हाइंभटाचा वारसा त्यांच्यापर्यंत आला होता असे मी समजतो.

हीच दृष्टी दर्ग्यांकडेही वळवता येते. शहागंजच्या परिसरातच शाह निजामुद्दीन औरंगाबादी या चिश्ती संताचा दर्गा आहे. दिल्लीच्या शाह कलीमुल्लांनी त्यांना दक्षिणेत धाडले, गुरूने दिल्लीहून शिष्याला लिहिलेली पत्रे पुष्कळ संख्येने शिल्लक राहिली, 1730 च्या सुमारास निजामुद्दीनांचा अंत झाला, आणि या शहरात जन्मलेल्या त्यांच्या मुलाने, फखरुद्दीनांनी, पुढे दिल्लीत जाऊन चिश्ती परंपरेला नवे चैतन्य दिले. नाइल ग्रीन या अभ्यासकाने 2006 साली औरंगाबादच्या सूफींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात पाणचक्कीच्या शाह मुसाफिरांबरोबर निजामुद्दीनांचाही विचार केला आहे, आणि संत, त्यांचे ग्रंथ, त्यांना मिळणारा आश्रय व त्यांच्या कबरींभोवती वाढणारे लोकजीवन यांचा संबंध तपासला आहे. करामतींच्या कथा खऱ्या की खोट्या, या वादात तो अभ्यास अडकत नाही. त्या कथा कोणी, केव्हा, कोणासाठी सांगितल्या, हे तो विचारतो. हा प्रश्न विचारला की कथेतून एक संपूर्ण शहर बोलू लागते.

परंतु दर्गे आणि देवळे यांत दिसणारा धर्म हा बहुधा पुरुषांचा धर्म असतो. स्त्रियांचा धर्म जात्याभोवती होता, पहाटेच्या अंधारात होता, आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नव्हती. गी पॉइत्वँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा कोठे हे लक्षात आले की ज्यांना आपण निरक्षर म्हणत होतो त्या बायांनी सीतेचा वनवास, विठ्ठलाशी भांडण, सासरचा जाच आणि लेकीची माया यांचे एक अखंड भाष्य पिढ्यान्‌पिढ्या रचले होते. रामायणावर त्यांचे म्हणणे वेगळे होते, आणि ते सीतेच्या बाजूचे होते. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने विजापूरच्या सूफींचा अभ्यास करताना असेच काही शोधले: दख्खनी भाषेतील चक्कीनामे आणि चरखानामे, जी दळताना व सूत कातताना म्हणण्यासाठी होती आणि ज्यांत जात्याच्या प्रत्येक भागाला अध्यात्माचा अर्थ दिलेला होता. दख्खनेत इस्लाम घरापर्यंत पोहोचला त्यात या गाण्यांचा वाटा मोठा होता, असा त्याचा निष्कर्ष आहे. एकाच प्रकारच्या दगडाभोवती, एकाच प्रहरी, एकीच्या मुखी विठ्ठल आणि दुसरीच्या मुखी अल्ला! दोन्ही धर्मांच्या पंडितांनी ज्या जागेकडे कधी ढुंकूनही पाहिले नाही, तेथे या दोन परंपरा इतक्या जवळ बसलेल्या होत्या, हे आपल्याला बहुतांशी परदेशात जन्मलेल्या माणसांनी येऊन सांगावे, याची खंत मला वाटते.

संशोधनाची एक वाईट बाजूही आहे, तीही सांगितली पाहिजे. सरकारी खानेसुमारीने माणसांना जातींच्या व धर्मांच्या रकान्यांत बसवले, आणि जी माणसे प्रसंगपरत्वे स्वतःची ओळख वेगवेगळी सांगत असत त्यांना एकच कायमची ओळख चिकटवली. बर्नार्ड कोहन या मानववंशशास्त्रज्ञाने हे सप्रमाण दाखवले आहे. मोजणारा राज्यकर्ता आणि ऐकणारा अभ्यासक यांच्यातील भेद येथे फार महत्त्वाचा ठरतो. रकाना आधी आखून मग माणसाला विचारले तर तो रकान्यापुरतेच उत्तर देतो.

आणि आता शहागंजच्या अलीकडच्या इतिहासातील दुखऱ्या जागेकडे वळणे भाग आहे. मे 2018 मध्ये शहागंज, राजाबाजार, मोतीकारंजा या भागांत दंगल उसळली, दुकाने जळाली, दोन जीव गेले. बेकायदा नळजोडण्या तोडण्याच्या कारवाईवरून पेटलेला वाद हे तिचे एक निमित्त म्हणून त्या वेळी सांगितले गेले. तीनशे वर्षांपूर्वी उन्हाळ्यातील पाण्यासाठी जेथे तलाव खोदला गेला, तेथेच ऐन उन्हाळ्यात पाण्याचे निमित्त होऊन शेजारी शेजाऱ्याच्या अंगावर जावा! अशा प्रसंगी आपण दोनच गोष्टी बोलतो: एक, खरा धर्म वैर शिकवीत नाही, दुसरी, येथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सलोख्याने राहत आले आहेत. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींनी काही निभावत नाही. आशुतोष वार्ष्णेय यांनी 1950 ते 1995 या काळातील हिंदू-मुस्लिम दंगलींचा शहरवार अभ्यास केला आणि 2002 साली त्याचे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. दंगलींतील मृत्यूंपैकी खेड्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी आहे, आणि मोजक्याच शहरांत हे मृत्यू एकवटले आहेत, असे त्यांना आढळले. काही शहरे पुन्हा पुन्हा का पेटतात आणि तशीच लोकवस्ती असलेली दुसरी शहरे शांत का राहतात, याचा शोध घेताना त्यांच्या ध्यानात आले की, सणाला शिरखुर्मा आणि फराळ यांची देवाणघेवाण होणे, मुले एकत्र खेळणे, हे खेड्यात पुरते, शहरात पुरत नाही. शहरात शांतता टिकते ती जेथे दोन्ही समाजांचे लोक एकाच व्यापारी संघटनेत, एकाच कामगार संघात, एकाच वाचनालयाच्या कार्यकारिणीत बसतात तेथे. कारण अफवा उठली की त्या रात्री एकमेकांना निरोप धाडून खरेखोटे करणारी यंत्रणा तेथे आधीच उभी असते, आणि शांतता मोडली तर दोघांचेही नुकसान होणार असते.

हा निष्कर्ष मी धर्मविचाराच्या दृष्टीने फार मोलाचा मानतो. आपले संत सांगत आले की अंतःकरण शुद्ध करा म्हणजे वैर नाहीसे होईल. अंतःकरणाची शुद्धी हवीच. पण पैठणच्या एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांना भारुडात समोरासमोर उभे करून आधी भांडू दिले आणि मग गळाभेट घडवली, तेव्हा त्यांनीही एका अर्थाने हेच ओळखले होते की मैत्रीला बोलण्याची जागा लागते. सद्भाव हा मनात असून भागत नाही. त्याला बैठक, नियम, वर्गणी, अध्यक्ष आणि दर महिन्याची सभा लागते. हे ऐकायला रुक्ष वाटेल. पण शहागंजमधील मशिदीच्या जोत्यावर दुकाने आणि शेजारी तलाव ज्यांनी आखले, त्यांना ही रुक्ष गोष्ट कळत होती असे त्या रचनेवरून दिसते: प्रार्थनेला टिकायचे असेल तर तिच्याभोवती रोजच्या देण्याघेण्याची मांडणी करावी लागते.

अर्थात् या शास्त्रांची मर्यादाही मान्य केली पाहिजे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे सांगितली. समाजाचा अभ्यासक प्रत्यक्ष पाहतो, अनुमान बांधतो, एका गावाची दुसऱ्याशी तुलना करतो; आणि शब्द म्हणून त्याच्यापुढे लोकांचे बोलणे असते. पण भाविकाचा शब्द त्याला ईश्वराविषयीचे प्रमाण नसतो, श्रद्धेविषयीचे प्रमाण असतो. ईश्वर आहे की नाही हे त्याला ठरवता येत नाही, आणि जो अभ्यासक ते ठरवू पाहतो तो आपली हद्द ओलांडतो. दुर्खीमच्या थोर ग्रंथातही मला हाच दोष दिसतो: समाज पूजेत कसा व्यक्त होतो हे त्याने अपूर्व रीतीने दाखवले, पण तेथून पूजेत समाजाखेरीज दुसरे काही नाही येथपर्यंत जाण्याचा अधिकार त्याला त्याच्या पुराव्याने दिला नव्हता. तसेच ज्या भाविकाला आपल्या दैवताचा इतिहास, आपल्या पंगतीतील भेद आणि आपल्या मोहल्ल्यातील वैर यांची चौकशी नकोशी वाटते, त्यालाही दैवताचे नाव पुढे करून ती थांबवण्याचा अधिकार नाही. कारण चौकशी दैवताची चाललेली नसते, त्याची स्वतःची चाललेली असते.

23 ऑगस्ट 1958 रोजी या शहरात विद्यापीठ स्थापन झाले, आणि तेथून शहागंज काही फार दूर नाही. त्या विद्यापीठात शिकणाऱ्या, आणि न शिकणाऱ्याही, तरुण मित्रांना माझी विनंती आहे. शहागंज, राजाबाजार, सराफा, जुना बाजार या वस्त्यांतून म्हातारी माणसे अद्याप आहेत, ज्यांना कोणाच्या दुकानात कोणाची उधारी चालत असे, दोन्ही समाजांचे व्यापारी कोणत्या बैठकीत एकत्र बसत, ती बैठक केव्हा बंद पडली आणि का, हे आठवते. त्यांच्या घरांतून मराठी ओवी आणि दख्खनी गीत म्हणू शकणाऱ्या आज्या आणि दादीजान आहेत. त्यांच्यापाशी जा, त्यांचे ऐका, सांगणाऱ्याचा आधार नोंदवून लिहून घ्या, दोघांचे सांगणे जुळले नाही तर दोन्ही लिहा, आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. हे काम यंदाच्या यंदा सुरू करा; सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.